कोवळा मेंदू आणि पहिला घोट

"डॉक्टर, पोरानं एखादा खर्रा खाल्ला तर काय बिघडते? आम्हीही याच वयात सुरुवात केली, आम्हाला काही झाले नाही." पांढरकवड्यात दहावी-बारावीच्या मुलांचे वडील मला हे नेहमी ऐकवतात. आज त्याचे उत्तर जरा सविस्तर देतो.

सोळाव्या वर्षी मुलगा बापाच्या खांद्याला लागतो. त्याचा मेंदूही आकाराने जवळजवळ मोठ्या माणसाएवढा झालेला असतो. पण आतले काम अपुरे असते. परिणामांचा विचार करणारा आणि मनाला आवर घालणारा कपाळामागचा भाग सर्वांत शेवटी, साधारण पंचविशीपर्यंत पक्का होतो. मौज शोधणारा भाग मात्र त्याआधीच जोरात असतो. बैल जोमात आणि कासरा कच्चा, अशी ही अवस्था.

याच वयात मेंदू वापरातल्या जोडण्या पक्क्या करतो आणि बिनकामाच्या काढून टाकतो. मुलगा रोज जे करतो ते मेंदूत कोरले जाते. अभ्यास, खेळ आणि व्यसनसुद्धा.

खर्ऱ्यातल्या तंबाखूतील निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात शिरते आणि मेंदूत डोपामाइन नावाचे रसायन वाढवते. हे वारंवार झाले की त्याशिवाय चैन पडत नाही. मुलाला वाटते, खर्ऱ्याने अभ्यासात लक्ष लागते. खरे तर खर्ऱ्याची तलफच त्याचे लक्ष उडवते, आणि पुढचा खर्रा ती तलफ तेवढी शमवतो.

दारू मोहाची असो की बाटलीतली, ती नव्या आठवणी साठवणाऱ्या भागावर घाला घालते. नेहमी पिणाऱ्या किशोरांची स्मरणशक्ती कमी पडते, असे तपासण्यांत दिसले आहे. या वयात नियमित गांजा ओढणाऱ्यांना पुढे भास आणि संशयाचा मानसिक आजार होण्याचा धोका वाढतो.

अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, चौदाव्या वर्षापर्यंत दारू सुरू केलेल्यांपैकी ४० टक्क्यांना पुढे व्यसन जडल्याचे आढळले. विशीनंतर सुरू करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. घरचे वातावरण आणि आनुवंशिकता यांचाही त्यात वाटा असतो; तरी पहिला घोट जितका लांबेल तितके बरे.

आता "आम्हाला काही झाले नाही" म्हणणाऱ्या वडिलांना माझा एकच प्रश्न: सकाळी खर्रा मिळाला नाही तर तुमची चिडचिड होते ना? तेच ते "काही".

म्हणून पोराला पानठेल्यावर खर्रा आणायला पाठवू नका. पोळ्याला किंवा वरातीत गंमत म्हणून घोट देऊ नका. १८ वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला २०१५ च्या बालन्याय कायद्याखाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

मुलाला आधीच सवय लागली असेल तर मारझोड करू नका. त्याने तो फक्त लपवायला शिकतो. शांतपणे विचारा. येथील उपजिल्हा रुग्णालयात किंवा यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात न्या. १४४४६ या निःशुल्क क्रमांकावरही सल्ला मिळतो. कोवळा मेंदू लवकर बिघडतो, पण वेळीच हात दिला तर सावरतोही.