विश्लेषण : कान वाजण्यावर जडीबुटीच्या गोळ्या खरेच गुणकारी?

बाहेर आवाज नसताना कानात शिट्टी किंवा रातकिड्यांसारखी किरकिर ऐकू येणे म्हणजे कर्णनाद, अर्थात टिनिटस. जिन्को, अश्वगंधा, ब्राह्मी यांच्या गोळ्या ‘मेंदूतील रसायनांचे संतुलन’ साधून तो थांबवतात, असे दावे केले जातात. त्यात तथ्य किती?

आवाज येतो कुठून?

अंतर्कर्णातील ध्वनी टिपणाऱ्या केसपेशी नष्ट झाल्या की माणसात पुन्हा तयार होत नाहीत. कानाकडून संदेश कमी येऊ लागले की मेंदू स्वतःची संवेदनशीलता वाढवतो. रेडिओ हळू वाजू लागल्यावर बटण पिळावे आणि खरखरही वाढावी, तसे हे आहे. चेतापेशींना आवर घालणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा प्रभावही घटतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीचा संबंध काय?

चंद्रपुरात कोळसा खाणी, औष्णिक वीज केंद्र, सिमेंट कारखाने आहेत. ८५ डेसिबलपेक्षा मोठा आवाज वर्षानुवर्षे रोज आठ तास ऐकल्यास केसपेशींना इजा होते. गडचिरोली हा राज्यातील हिवतापग्रस्त जिल्हा. गंभीर हिवतापात काही वेळा दिल्या जाणाऱ्या क्विनीनने कान वाजू शकतात. बहुधा औषध संपल्यावर ते थांबतात. त्यामुळे उपचार मध्येच सोडू नयेत, डॉक्टरांना सांगावे.

गोळ्यांचे काय?

जिन्कोवर सर्वाधिक संशोधन झाले. कॉक्रेनच्या २०२२ मधील आढाव्यात त्याचा फारसा उपयोग दिसला नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच जिन्को, मेलाटोनिन, जस्त यांची शिफारस करू नये, असे सांगितले. अश्वगंधा, ब्राह्मीने कर्णनाद बरा होतो, याचा ठोस पुरावा नाही. ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे. रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत जिन्को घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. अश्वगंधेमुळे क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

मग उपाय काय?

आधी कान तपासून घ्यावा. कधी नुसता मळ काढल्यानेही आवाज थांबतो. ऐकू कमी येत असल्यास श्रवणयंत्राने फायदा होतो. आवाजाचा त्रास कमी करण्यासाठी समुपदेशनावर आधारित वर्तनोपचाराचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. खाणीत, कारखान्यात कानाला संरक्षक साधने लावणे हाच खरा प्रतिबंध.

अचानक ऐकू येणे कमी झाले, एकाच कानात आवाज येत असेल, तो नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल किंवा चक्कर येत असेल, तर गोळ्यांत वेळ घालवू नये. अचानक आलेल्या बहिरेपणात पहिले काही दिवसच मोलाचे असतात.