फिरायला नेमकं कोण निघालंय?

माझी धाकटी बहीण गेली वीस वर्षं इंग्लंडमध्ये, लेस्टर शहरात राहते. तिच्या चौदा वर्षांच्या लेकीनं दोन वर्षांपूर्वी एक साप पाळला. आपल्याकडची पोरं मांजराचं पिल्लू मागतात, तितक्या सहजपणे तिनं वाढदिवसाला साप मागितला आणि आईवडिलांनी दुकानातून आणून दिला. ही बातमी कळली तेव्हा आमच्या घरी जेवणावरून सगळ्यांचं लक्षच उडालं. "घरात साप ठेवून झोप कशी लागते गं तुम्हाला?" असं अम्मीनं फोनवरून निदान दहा वेळा विचारलं असेल.

मागच्या उन्हाळ्यात भाचीचा मला फोन आला. "मामू, तुम्ही बत्तीस शिराळ्याच्या बाजूचे. तुम्हाला सापांतलं कळतं. इथं छान ऊन पडलंय. जवळच्या बागेत सगळे आपापली कुत्री घेऊन येतात. मीही याला घेऊन जाऊ का? बिचारा दिवसभर काचेच्या पेटीत असतो."

मी कविता लिहिणारा माणूस. सापांतलं मला काय कळणार? पण पोरीनं विश्वासानं विचारलं होतं. चुकीचं उत्तर दिलं असतं तर एका मुक्या जिवावर बेतलं असतं. म्हणून तिच्याकडून आठ दिवस मागून घेतले, थोडं वाचलं, ओळखीच्या दोघा सर्पमित्रांना विचारलं. त्यातून जे उमजलं ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आधी तो साप कोणता ते सांगायला हवं. त्याला कॉर्न स्नेक म्हणतात. मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी, अंगावर केशरी-तांबडे पट्टे. कॉर्न म्हणजे मका. मक्याच्या कणग्यांपाशी उंदीर खायला येतो म्हणून हे नाव पडलं असं कुणी सांगतं, तर पोटावरची नक्षी मक्याच्या दाण्यांसारखी दिसते म्हणून, असं कुणी म्हणतं. लांबी साधारण चार-पाच फूट. नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. म्हणजे चौदा वर्षांच्या पोरीनं घरात आणलेला हा पाहुणा तिच्या लग्नानंतरही असू शकतो!

आता तिच्या प्रश्नाकडे येऊ. आपण कुत्र्याला फिरायला नेतो, कारण कुत्र्याला ते हवं असतं. गळ्यातला पट्टा हातात घेतला की ते शेपूट हलवतं, दाराशी धावतं. साप तसा नाही. सापाचं रक्त थंड असतं असं आपण म्हणतो. नेमकं सांगायचं तर, आपल्या शरीरासारखी आतून ऊब तयार करायची सोय त्याच्याकडे नाही. ती त्याला बाहेरून घ्यावी लागते. ऊब हवी असली की तो तापल्या दगडाजवळ जातो, नको असली की सावलीत सरकतो. म्हणून जाणकार लोक त्याच्या पेटीत दोन टोकं करतात. एका टोकाला तीस अंशांच्या आसपास ऊब, दुसऱ्या टोकाला बावीस-चोवीस अंशांचा गारवा. कुठं बसायचं ते साप ठरवतो. आपण त्याला उचलून बागेत नेतो तेव्हा नेमकी ही निवड त्याच्याकडून काढून घेतो.

इंग्लंडचं छान ऊन म्हणजे पुष्कळदा आपल्याकडची डिसेंबरची सकाळ. वारा सुटला, ढग आला की साप गारठतो. पोटात नुकताच गिळलेला उंदीर असेल तर पचन थांबतं आणि तो खाल्लेलं बाहेर टाकतो. म्हणून खाणं दिल्यावर निदान दोन दिवस त्याला हातही लावू नये, असं सांगतात. कात टाकायची वेळ आली की त्याचे डोळे दुधाळ होतात, नीट दिसत नाही. तेव्हाही त्याला छेडायचं नसतं. उलट, काचेची पेटी उचलून तशीच उन्हात ठेवली तर ती बंद मोटारीसारखी तापते. सापाला घाम येत नाही आणि पळायला जागा नसते. थोड्या वेळात तो जिवाला मुकतो. ऊन दाखवावं या मायेपोटीच असे साप मरतात.

दुसरी गोष्ट त्याच्या स्वभावाची. साप हा लपून जगणारा प्राणी आहे. बीळ, पालापाचोळा, दगडाखालची फट ही त्याची घरं. आपल्याला मोकळं मैदान दिसलं की छाती भरून येते. सापाच्या दृष्टीनं मोकळं मैदान म्हणजे वरून घार झडप घालणार अशी जागा. भाचीला वाटत होतं की पेटीत तो कोंडला आहे. पण पेटीत पुरेशी जागा, लपायला दोन आडोसे आणि पाणी असेल, तर तीच त्याला सुरक्षित वाटते. बागेत तो अंगाची गुंडाळी करून बसला, तर आपण म्हणतो, "बघा, किती शांत आहे!" वास्तविक तो घाबरलेला असू शकतो. सापाला ओरडता येत नाही, त्याला पापण्या नाहीत, चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत. त्यामुळे त्याचं दुःख आपल्याला सहज दिसत नाही.

मग बाहेर नेण्यात त्याचा काहीच फायदा नाही का? तसं म्हणता येणार नाही. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी कॉर्न स्नेकच्या शरीरातही ड जीवनसत्त्व वाढतं, असं आता आढळलं आहे. वेगळे वास, वेगळी जमीन यांनी त्याला थोडं चलनवलन होतं हेही खरं. पण त्या किरणांसाठी पेटीत लावायचे खास दिवे मिळतात. चढायला फांदी ठेवता येते. एवढ्यासाठी भर बागेत जायची गरज नाही.

बागेत माणसंही असतात. कित्येकांना सापाची भीती नुसती वाटत नाही, ती अंगात भिनलेली असते. साप बिनविषारी आहे हे सांगेपर्यंत एखाद्या म्हातारीला घेरी येईल, एखादं कुत्रं झडप घालेल. गवतावर कीटकनाशक मारलेलं असेल, रानातल्या गोचिडी अंगाला चिकटतील. हात लावणाऱ्या मुलांचाही विचार करायला हवा. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. सापाला हात लावल्यावर साबणानं हात धुवायला हवेत, हे भेळ खाणाऱ्या पोरांना कोण सांगणार?

आणि तो निसटला तर? एक साप निसटल्यानं काय होतं, असं वाटेल. अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत आज ब्रह्मदेशी अजगर ठाण मांडून आहेत. ते तिथले नव्हेत. पाळण्यासाठी आणलेले, सुटलेले आणि सोडलेले अजगर तिथं वाढले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आढळलं की अजगरांच्या मुलखात रॅकून हा एकेकाळी सर्रास दिसणारा प्राणी दिसण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक घटलं होतं. स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर १९९८ पासून कॅलिफोर्नियाचा किंग स्नेक आढळतो. तोही पाळीव सापांपासूनच पसरला. तो जिथं पोचला तिथले मोठे सरडे जवळजवळ नाहीसे झाले. थंडी आहे म्हणून इंग्लंडला धोका नाही, असंही समजू नये. शेजारच्या वेल्समध्ये, कोल्विन बे या गावी, प्राणिसंग्रहालयातून निसटलेल्या परदेशी सापांची पिढी १९७०च्या दशकापासून नांदते आहे. ब्रिटनमध्ये १९८१च्या कायद्यानुसार परदेशी प्राणी रानात सोडणं किंवा निसटू देणं हा गुन्हा आहे, आणि २००६च्या कायद्यानं पाळलेल्या जनावराच्या गरजा भागवणं मालकावर बंधनकारक आहे.

इथवर वाचून आपण म्हणाल, हे सगळं साहेबांच्या देशातलं. आपल्याला काय त्याचं? पण मला तर वाचता वाचता आपलंच गाव दिसू लागलं. लहानपणी नागपंचमीला मी वडिलांच्या खांद्यावर बसून शिराळ्याला गेलो होतो. तेव्हा नाग आधीपासून पकडून मडक्यांत ठेवत आणि सणादिवशी त्यांची मिरवणूक निघे. हलगी, गर्दी, गुलाल. एका नागानं फणा काढला की लोक आनंदानं ओरडत. मीही ओरडलो. फणा हा त्याच्या भीतीचा, इशाऱ्याचा आविर्भाव आहे, हे मला फार उशिरा कळलं. गारुड्याच्या पुंगीवर नाग डोलतो तेही तसंच. तो सुरांवर डोलत नाही, समोर हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून असतो. दूध हे त्याचं अन्न नव्हे. तहानलेला ठेवला म्हणून तो ते पितो.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली नाग, धामण, घोणस, अजगर पकडून पाळणं किंवा त्यांचा खेळ करणं गुन्हा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिराळ्यातल्या जिवंत नागांच्या मिरवणुका बंद झाल्या. २०२५ मध्ये केंद्र सरकारनं लोकशिक्षणासाठी म्हणून अटी घालून काही नाग पकडायला परवानगी दिली, तेव्हा ही चर्चा पुन्हा रंगली. परदेशी सापांचं वेड आता मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्येही आलं आहे. बॉल पायथनसारखे आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले साप ज्यांच्याकडे आहेत, त्यांना २०२२च्या दुरुस्तीनंतर सरकारदरबारी नोंद करावी लागते. काही उत्साही सर्पमित्र पकडलेला विषारी साप चौकात गळ्यात घालून फोटो काढून घेतात. त्यात काहींचे प्राणही गेले आहेत.

शिराळ्याची श्रद्धा, लेस्टरची हौस आणि चौकातला फोटो यांत फरक आहे, हे मी जाणतो. श्रद्धेची टिंगल करावी असं मला वाटत नाही. वर्षातून एक दिवस का होईना, सापाला हात जोडणारा आपला शेतकरी त्याला उंदरांचा वैरी म्हणून ओळखतो. पण तिन्ही ठिकाणी मला एकच प्रश्न विचारावासा वाटतो. फिरायला नेमकं कोण निघालंय? साप की आपण?

आठ दिवसांनी मी भाचीला फोन केला. "बेटा, बागेत नेऊ नकोस," म्हटलं. "अगदीच मन होत असेल तर घरामागच्या अंगणात ने. चांगलं गरम ऊन आणि वारा पडलेला असेल तेव्हाच. खाणं होऊन दोन दिवस झालेले असावेत. कापडी पिशवीत घालून, ती पिशवी डब्यात ठेवून ने. अर्धी सावली असू दे, सोबत अम्मीला घे, दहा-पंधरा मिनिटांत आत आण आणि त्याच्यावरची नजर काढू नकोस. त्यानं अंग आखडून घेतलं तर त्याच क्षणी परत."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मामू, खरं सांगू? मला मैत्रिणींना तो दाखवायचा होता."

मला तिचं कौतुक वाटलं. जे आम्हा थोरामोठ्यांना मिरवणुकीच्या गर्दीत कधी कबूल करता आलं नाही, ते चौदा वर्षांच्या पोरीनं एका वाक्यात कबूल केलं. त्या रविवारी तिनं मैत्रिणींनाच घरी बोलावलं. साप आपल्या आडोशात होता. तासाभरानं तो स्वतःहून बाहेर आला, जीभ लपलपवत काचेपाशी फिरला आणि परत आत गेला. पोरी गप्प बसून पाहत होत्या. "मामू, त्याला फिरायचं होतं तेवढं तो फिरला," भाची म्हणाली.