भिंत जुनी, घर नवे

पूर्व लंडनमध्ये ब्रिक लेन आणि फोर्निए स्ट्रीट हे रस्ते जिथे मिळतात, त्या कोपऱ्यावर विटांची एक जुनी इमारत आहे. वर त्रिकोणी माथा, त्याखाली सूर्यघड्याळ, त्यावर 1743 हे साल आणि लॅटिनमधले दोनच शब्द. त्यांचा अर्थ, आपण सावली आहोत. एखाद्या दर्ग्याच्या कमानीवरही शोभेल असे वाक्य. पण ते लिहिले फ्रान्समधून आलेल्या प्रोटेस्टंट ख्रिश्चनांनी.

1685 मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईने या लोकांना मिळालेले धर्मस्वातंत्र्य काढून घेतले आणि हजारो कुटुंबे हिजरत करून लंडनला आली. त्यांना ह्यूगनो म्हणत. त्यांच्यातले कितीतरी रेशीम विणणारे कारागीर होते. स्पिटलफील्ड्स या भागात त्यांनी माग लावले आणि आपले प्रार्थनागृह बांधले. पुढे नातवंडे-पतवंडे इंग्रज होऊन गेली. 1819 मध्ये वास्तू मेथडिस्ट पंथाकडे गेली. पूर्व युरोपात छळ झाला म्हणून यहुदी आले, तेव्हा 1898 मध्ये तिथे सिनेगॉग सुरू झाले. यहुदी कुटुंबे सुस्थितीत येऊन उत्तर लंडनकडे सरकली आणि त्यांच्या जागी बांगलादेशातल्या सिल्हेटचे मुसलमान आले. 1976 पासून ती ब्रिक लेन जामे मस्जिद आहे. बाकांच्या जागी जाजम आले, वुजूची सोय झाली, आग्नेयेकडे तोंड करून सफा लागू लागल्या. (लंडनहून काबा आग्नेयेला पडतो.) 2009 मध्ये बाहेर फुटपाथलगत सुमारे 29 मीटर उंचीचा स्टीलचा चकाकता मनोरा उभा राहिला, त्यावर चंद्रकोर. जुन्या भिंतीला मात्र कुणी हात लावला नाही.

सिल्हेटच्या या वस्तीची सुरुवात जहाजांवरच्या खलाशांपासून झाली. रत्नागिरी-रायगडच्या आपल्या किनाऱ्यावरचे खलाशीही पूर्व लंडनच्या त्याच गोद्यांमध्ये उतरत. कोकणातल्या अनेक घरांत अशा आजोबा-पणजोबांच्या आठवणी अजून निघतात.

चार जमातींनी एकाच वास्तूचे अंतरंग आपापल्या गरजेप्रमाणे बदलले. त्याबद्दल कुणाची तक्रार असण्याचे कारण नाही. पण याच मस्जिदीपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर गेल्या काही वर्षांत वेगळाच प्रकार घडला आहे. तिथे इमारतीचे नुसते तोंड ठेवतात आणि बाकी सगळे पाडून टाकतात.

ब्रशफील्ड स्ट्रीटवर 1929 मध्ये फळे आणि लोकर यांच्या लिलावाची एक भव्य इमारत उघडली. 1940 च्या बाँबवर्षावात तिच्या तळघरात हजारो गोरगरिबांनी रात्री काढल्या. सुरुवातीला तिथे घाण आणि गोंधळ होता. मग शेजारचा मिकी डेव्हिस नावाचा एक चष्मेवाला पुढे झाला आणि त्याने साफसफाई, दवापाणी, झोपायच्या जागा यांची शिस्त लावली. अशी ही इमारत. ती पाडून कार्यालये बांधण्याची योजना स्थानिक कौन्सिलने दोनदा फेटाळली, पण 2012 मध्ये लंडनचे तेव्हाचे महापौर बोरिस जॉन्सन यांनी आपल्या अधिकारात मंजुरी दिली. आज रस्त्यावरून पाहिले तर 1929 चा दर्शनी भाग जागेवर आहे. आत मात्र सगळे नवे आहे.

हे काम करतात कसे? आधी रस्त्याच्या बाजूला लोखंडी सांगाडा उभारतात आणि तो ढळू नये म्हणून बुडाशी काँक्रीटचे जड ठोकळे ठेवतात. दर्शनी भिंत या सांगाड्याला आवळून बांधली, की मागचे छप्पर, मजले, जिने, आडव्या भिंती सगळे उतरवतात. कित्येक महिने ती भिंत एकटी उभी असते आणि तिच्या खिडक्यांतून पलीकडचे आभाळ दिसते. मग मागे नवा काँक्रीटचा सांगाडा चढतो आणि भिंत त्याला जोडून टाकतात.

अडचण येते ती मजल्यांची. जुन्या इमारतींची छते उंच असतात. बिल्डरला तेवढ्याच उंचीत जास्त मजले हवे असतात. मग नवा स्लॅब जुन्या खिडकीच्या मधोमध येतो. उत्तर लंडनमधल्या कॅलेडोनियन रोडवर एका जुन्या गोदामाची भिंत ठेवून मागे विद्यार्थ्यांचे वसतिगृह बांधले, तिथे जुन्या भिंतीतल्या खिडक्या आणि नव्या खोल्यांच्या खिडक्या जुळल्याच नाहीत. काही मुलांना खिडकी उघडल्यावर हातभर अंतरावर विटाच दिसू लागल्या. 2013 मध्ये ब्रिटनमधल्या सर्वांत वाईट नव्या इमारतीला दिला जाणारा ‘कार्बंकल कप’ हा उपरोधिक पुरस्कार तिला मिळाला. थट्टा झाली खरी, पण उजेडाशिवाय अभ्यास करायचा होता तो त्या मुलांनाच.

एवढी खटपट करतात कशाला, असे वाटेल. एक कारण परवानगीचे. जुना चेहरा ठेवतो म्हटले की विरोध थोडा मवाळ होतो. दुसरे कारण कराचे आहे आणि ते फारसे बोलले जात नाही. ब्रिटनमध्ये जुने घर दुरुस्त करायचे तर सर्वसाधारणपणे 20 टक्के व्हॅट पडतो. राहण्याची नवी घरे बांधली तर तो शून्य. आणि परवानगीची अट म्हणून एकच दर्शनी भिंत, कोपऱ्यावर असल्यास दोन, शिल्लक ठेवली आणि बाकी सगळे पाडले, तरी कायद्याच्या नजरेत ती इमारत नवीच. म्हणजे जो काळजीने दुरुस्ती करतो त्याने कर भरायचा आणि जो पाडतो त्याला सूट. मला तर या साऱ्या प्रकाराचे मूळ वास्तुकलेपेक्षा या हिशेबातच दिसते. स्पिटलफील्ड्समध्ये राहणाऱ्या, नाव न सांगता लिहिणाऱ्या एका लेखकाने 2019 मध्ये या मुखवट्यांवर एक अख्खे पुस्तकच काढले.

आपल्या परंपरेत याकडे पाहण्याची रीत निराळी आहे. काबाशरीफच्या भिंती अनेकदा नव्याने बांधल्या गेल्या. नबुव्वतीपूर्वी कुरैशांनी बांधकाम केले, तेव्हा हलाल कमाईचा पैसा कमी पडला आणि हतीमचा भाग बाहेर राहिला. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांना सांगितले होते, की लोक इस्लाममध्ये नवे नसते तर आपण तो हजरत इब्राहीम (अलै.) यांच्या पायावर पुन्हा बांधला असता. लोकांची मने दुखावू नयेत म्हणून त्यांनी तसे केले नाही. पुढे हजरत अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) यांनी तसे बांधले आणि 693 मध्ये हज्जाजने ते पुन्हा कुरैशांच्या आकारात आणले. 1630 च्या पुरात भिंती ढासळल्या, तेव्हा सुलतान मुराद चौथा याच्या काळात पुन्हा बांधकाम झाले. दगड बदलले, पण जागा तीच राहिली आणि तवाफही तोच.

मुंबईची जामा मस्जिदही पाहण्यासारखी आहे. कोकणी मुसलमानांनी जपलेली ही मस्जिद 1802 मध्ये पुरी झाली आणि नंतर तिच्यात भर पडत गेली. पण ती उभी आहे जुन्या तलावावर. पाण्यातून वर आलेल्या दगडी कमानींनी तिचा भार पेलला आहे आणि वुजूसाठी ते पाणी आजही आहे. तिथे नव्याला जुन्याचा खराखुरा आधार आहे.

आता आपल्या वस्त्यांकडे येऊ. मुंबईत वारसा इमारतींची नियमावली 1995 पासून आहे, तिच्यात इमारतींचे तीन दर्जे आहेत. पण भेंडीबाजार, डोंगरी, नागपाड्यातल्या बहुतेक चाळी कुठल्याच दर्जात येत नाहीत. त्यांचा सवाल वेगळा. 31 ऑगस्ट 2017 रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळून 33 जणांचा जीव गेला. अशा इमारतीचा नक्षीदार सज्जा वाचवा, असे आतल्या माणसांना सांगणे मला तरी जमणार नाही. भेंडीबाजारात बोहरा समाजाच्या ट्रस्टने सुमारे 16.5 एकरांत, जवळपास 250 इमारती आणि 3,200 कुटुंबांचा पुनर्विकास हाती घेतला. तिथे चेहरा ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. भाडेकरूंना त्याच जागी मालकीचे, किमान 350 चौरस फुटांचे घर देण्याचे ठरले. जुनी वळणे आणि लाकडी कठडे गेले याची हळहळ वाटते, पण माणसे तिथेच राहिली तर मोहल्ला राहतो.

पुनर्विकासाचे देखणे चित्र घेऊन कुणी तुमच्या चाळीत आले, तर दर्शनी कमानी बघून लगेच सही करू नका. आडवा छेद दाखवणारा नकाशा मागा. स्लॅब खिडकीच्या कुठे येतो, स्वयंपाकघरात उजेड कुठून येतो, ते त्यावर बोट ठेवून विचारा. मधली वर्षे कुटुंब कुठे राहणार, भाडे कोण देणार आणि किती महिन्यांचे आगाऊ देणार, हे करारात लेखी घ्या. तळमजल्यावरचा दर्जी, बेकरीवाला, अत्तरवाला यांना गाळा परत मिळणार का, तेही विचारा. आणि बैठकीला घरातल्या बायकांना जरूर न्या. कपडे कुठे वाळणार, पाणी किती वाजता येणार, हे प्रश्न बहुधा त्याच काढतात.