शोंबुर्ग यांचा ग्रंथसंग्रह

काळ्या लोकांना इतिहास नाहीं, असें पोर्टो रिकोंतील एका शिक्षकानें बाल आर्तुरो शोंबुर्ग (जन्म १८७४) यांस सांगितल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. शोंबुर्ग यांनीं तिचें उत्तर कागदांनीं दिलें. १८९१ त ते न्यूयॉर्कास आले व पुढें एका पेढीच्या टपालखात्यांत नोकरी करून जुने ग्रंथ जमवूं लागले. ग्रानाडाचे पंडित हुआन लातीनो यांचीं लॅटिन काव्यें, दास्यांत असतां लिहिणाऱ्या फिलिस व्हीट्ली यांचा १७७३ चा काव्यसंग्रह, बॅनेकर यांचीं पंचांगें, अशीं साधनें त्यांनीं मिळविलीं. १९११ त, म्हणजे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळानंतर एकाच वर्षानें, जॉन ब्रूस यांच्यासह त्यांनीं निग्रो इतिहास-संशोधन मंडळ स्थापिलें.

संग्राहक गेला कीं दप्तरें रद्दींत जातात, हा आपलाही अनुभव आहे. येथें तसें झालें नाहीं. १९२६ त कार्नेगी निधीच्या १०,००० डॉलरांनीं तो संग्रह न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयानें घेतला. किंमत अल्पच, परंतु ज्यांचे ते पूर्वज, त्यांच्याच हार्लेम वस्तींतील शाखेंत तो सर्वांस खुला झाला, हें आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. १९३२ पासून मृत्यूपर्यंत (१९३८) शोंबुर्ग स्वतःच त्याचे व्यवस्थापक होते.