वादळांचे बारसे

“निसर्ग म्हणे! मेल्याने माझी अर्धी वाडी आडवी केली, आणि नाव काय, तर निसर्ग!”

नागावची आमची आत्या हे अजूनही ऐकवते. ३ जून २०२० रोजी ते चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर चढले आणि तिच्या नारळी-पोफळी काडीसारख्या मोडल्या. “ह्याचं बारसं केलं तरी कोणी?” ह्या तिच्या प्रश्नाला मी शहाणपणाने उत्तर दिले, “बांगलादेशाने.” तेव्हा शेजारी करंज्या भरीत बसलेली आमची सौ. म्हणाली, “नशीब, बाईचं नाव नाही दिलं! अमेरिकेत म्हणे बायकांचीच देत.”

देत होते खरे. पूर्वी वेस्ट इंडीज बेटांवर ज्या संताच्या दिवशी वादळ येई, त्याचेच नाव त्याला चिकटे. पोर्तो रिकोत १८७६ साली १३ सप्टेंबरला वादळ आले, १९२८ साली पुन्हा नेमके त्याच तारखेला. दोन्ही वादळे ‘सान फेलिपे’. एक पहिला, एक दुसरा! पुढे १९४१ साली जॉर्ज स्टुअर्ट ह्या अमेरिकन लेखकाने ‘स्टॉर्म’ नावाची कादंबरी लिहिली. तिच्यातला हवामानखात्याचा तरुण नोकर आपल्या नकाशावरच्या वादळाला मनातल्या मनात ‘मारिया’ म्हणतो. महायुद्धात पॅसिफिकवरच्या लष्करी हवामानतज्ज्ञांनी तोच कित्ता गिरवला आणि घरी राहिलेल्या बायकांची, प्रेयसींची नावे वादळांना दिली. बिनतारी यंत्रावर अक्षांश-रेखांश घोकण्यापेक्षा एक सुटसुटीत नाव बरे, हा त्यातला व्यवहार. १९५३ पासून अमेरिकेच्या सरकारी हवामानखात्यानेही बायकांच्या नावांची यादी चालू केली.

मग काय, वर्तमानपत्रांना रान मोकळे! वादळ ‘लहरी’, वादळ ‘नखरेल’. मायामीच्या रॉक्सी बोल्टन ह्या बाईंना हे मुळीच पटेना. बायका म्हणजे काय संकटे आहेत, असा त्यांचा रोकडा सवाल. आपले नाव कशाला तरी दिलेले सेनेटरांना फार आवडते, तेव्हा वादळांना त्यांचीच नावे द्या, अशी त्यांची सूचना होती. मला ती फारच आवडली. खाते मात्र काही वर्षे ढिम्म हलले नाही. अखेर वाणिज्यमंत्री ज्वानिटा क्रेप्स (त्याही बाईच!) ह्यांच्या कारकीर्दीत फरक पडला, आणि १९७९ साली अटलांटिकात पहिले पुरुषी वादळ अवतरले: ‘बॉब’. त्याच वर्षीच्या ‘डेव्हिड’ने डोमिनिकन प्रजासत्ताकात सुमारे दोन हजार माणसे मारली. हे नाव मग यादीतून कायमचे काढले गेले.

२०१४ साली इलिनॉयच्या संशोधकांनी जाहीर केले की, बायकी नावाच्या वादळांना लोक कमी भितात, म्हणून त्यांत जास्त मरतात. त्यावर पुष्कळ गदारोळ झाला. १९७९ पूर्वीची सगळीच वादळे बायकी नावांची, आणि त्या काळी इशाराही आजच्याइतका चांगला मिळत नसे. मग दोष नावाचा कसा? मला हा आक्षेप रास्त वाटतो.

आपल्याकडे ही पद्धत २००४ पासून. पहिले नाव ‘ओनिल’. पुढे २००८ मध्ये ‘नर्गिस’ने म्यानमारमध्ये लाखाहून अधिक माणसे मारली किंवा बेपत्ता केली, नाव मात्र फुलाचे. २०२० साली तेरा देशांनी मिळून १६९ नावांची नवी यादी केली. त्यांत आपली तेज, व्योम, नीर, प्रभंजन वगैरे. नाव कुठल्याही लिंगाकडे झुकू नये, असा नियमच आहे. आता ‘तो निसर्ग’, ‘ती गती’ असे मराठी व्याकरण म्हणतेच, त्याला दिल्लीचे खाते काय करणार? आपले ‘वादळ’ तेवढे बिचारे नपुंसकलिंगी!

आत्याचा हिशेब मात्र लिंगाचा नाही, कालगणनेचा आहे. ‘फयान’ २००९ सालचे, ‘निसर्ग’ २०२० चे. “ही विहीर फयानच्या आधीची,” ती सांगते. परवा नव्या रोपांकडे बोट दाखवून म्हणाली, “ही निसर्गानंतरची. पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात रे, बाळा.” आणि सौ.ने तिच्या पुढ्यात करंज्यांचे ताट सरकवले.