विरहगीत आणि हक्काचे घर

स्थलांतराचा विचार करताना अर्थशास्त्र मजुरीतील तफावत, श्रमाचा पुरवठा आणि गावी जाणाऱ्या मनीऑर्डरी यांची मोजदाद करते. ती आवश्यकच आहे. परंतु आजचीच रेषा पुढे ओढली की उद्याचे चित्र तयार होते, असे तिच्यात बहुधा गृहीत धरलेले असते. मुंबईच्या गिरणगावातील साहित्याने आणि शाहिरीने हे गृहीत कधीच मान्य केले नाही.

वाटेगावाहून कुटुंबासह पायी मुंबई गाठणाऱ्या अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड याची साक्ष आहे. मजुरीत शहरातील बिऱ्हाड परवडत नसे. म्हणून बायकामुले गावी आणि कामगार खाणावळीत, ही गिरणगावातील नित्याची स्थिती होती. अण्णा भाऊंनी हा विरह खाजगी दुःखात मिटू दिला नाही. पत्नीचा वियोग त्यांनी मराठी मुलुखाच्या ताटातुटीशी जोडला. जे राज्य अद्याप अस्तित्वात नव्हते, ते श्रोत्यांना आधी गाण्यात दिसले. मुंबईसह ते १ मे १९६० रोजी साकार झाले. सीमाभागाचे दुःख मात्र उरले.

ज्या शहरासाठी कामगार झगडला, त्या शहरात त्याचा वाटा किती, हा पुढचा प्रश्न होय. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यांच्या कुटुंबांची झालेली वाताहत जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकाने रंगभूमीवर आणली. पुढे १९९१ च्या नियमावलीने पुनर्विकासास निघणाऱ्या गिरण्यांच्या जमिनीचे मैदाने, सार्वजनिक घरे आणि मालक असे तीन वाटे ठरविले. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती राहिली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. गिरणी कामगारांच्या घरांची सोडत निघू लागली ती २०१२ मध्ये. अर्जदारांच्या मानाने ती घरे थोडीच होती.

कवितेने घरे बांधली जात नाहीत, हे खरे. परंतु नियमावलीतील एका शब्दाने लाखोंचे भवितव्य पालटत असेल, तर भवितव्य अटळ नसते, ते ठरविले जाते, हेच सिद्ध होते. स्थलांतरिताच्या गाण्यात नियोजनकारांनी केवळ हळहळ ऐकू नये. त्यात वाट्याची मागणीही आहे.