अठराव्या शतकातील सामान्य स्त्रीच्या माहेरकुळाचा शोध : सातारा-सांगली परिसरातील साधने

इंग्लंडमध्ये १५३८ पासून चर्चच्या नोंदवह्यांत बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद होऊ लागली. त्यामुळे अठराव्या शतकातील तेथील साध्या शेतकऱ्याच्या मुलीचेही जन्मनाव व पित्याचे नाव पुष्कळदा हाती लागते. त्याच काळातील सातारा किंवा मिरजेकडील स्त्रीसाठी अशी नोंदवही नव्हती. तिच्या माहेरकुळाचा माग कोणत्या साधनांनी काढता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पहिली अडचण नावाचीच. विवाहात अनेक घरांत वधूचे नाव बदलले जाई. त्यामुळे माहेरची मुलगी आणि सासरची सून कागदोपत्री दोन भिन्न व्यक्ती ठरतात. वंशावळीत बहुधा पुत्रांच्याच शाखा असतात. वाईच्या रास्ते घराण्यातील गोपिकाबाई पेशव्यांच्या घरी गेल्या, म्हणून त्यांचे माहेर सर्वश्रुत. त्यांच्या वाड्यात दळण-कांडण करणाऱ्या स्त्रीचे कोणी लिहून ठेवावे? म्हणून शोध नावावरून न करता गाव, आडनाव व सोयरीक यांवरून करणे अधिक फलदायी ठरते.

सामान्य स्त्री कागदात येते ती मुख्यतः वादामुळे. वतनाचा हिस्सा, विधवेची पोटगी, दत्तक यांवरील महजर, करीने व निवाडपत्रे यांत तिच्या पाठीशी उभा राहिलेला भाऊ कधी कधी भेटतो. सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाल्यानंतर इनाम कमिशनपुढे आलेल्या कैफियतींतील वंशावळी मागील शतकापर्यंत जातात. मात्र हे वाचण्यास मोडी लिपी आवश्यक आहे.

त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि गावोगाव फिरून कुळांची वंशावळ सांगणारे हेळवी यांच्याकडेही पाहावे. या दोहोंतून मूळ गावाचा धागा मिळू शकतो.

सर्वांत दुर्लक्षित साधन श्राद्धविधीत आहे. पार्वण श्राद्धात मातेकडील आजोबा, पणजोबा व खापरपणजोबा यांची नावे गोत्रासह घेतली जातात. पुरोहितासाठी लिहिलेली अशी जुनी यादी घरात सापडली, तर जे वंशावळीने गाळले ते तिच्यात आढळते. अर्थात, हे श्राद्ध यथाविधी करणाऱ्या घरांपुरतेच. ज्यांच्याकडे वतनही नव्हते आणि असा विधीही नव्हता, त्यांच्या बाबतीत घरातील वृद्ध स्त्रीची आठवण हाच आरंभ. आजीच्या आजीला नेण्यासाठी मुऱ्हाळी कोणत्या गावाहून येत असे, हे तिला आधी विचारावे. दप्तरखान्यात नंतर जावे.